स्क्रीन घ्या, नकाशा राहू द्या

गाडीचं बेस मॉडेल घ्यायचं आणि ‘टेप’ बाहेरून बसवून घ्यायचा, हा मध्यमवर्गाचा जुना, चोख हिशेब. टॉप मॉडेलसाठी लाख-दीड लाख जास्त मोजण्यापेक्षा ॲक्सेसरीच्या दुकानात पंधरा-वीस हजारांत काम भागतं, शिवाय घासाघीस करून सीट कव्हर नाहीतर मॅट पदरात पाडून घेता येतात. कॅसेट गेली, सीडी गेली, तरी हा हिशेब टिकला. बदललं ते दुकानदाराचं बोलणं. पूर्वी तो आवाज वाढवून बेस ऐकवायचा. आता नऊ इंची स्क्रीन लावून दाखवतो आणि म्हणतो, ‘इनबिल्ट नेव्हिगेशन आहे साहेब, फोनची गरजच नाही.’ खोक्यावरही ते ठळक छापलेलं असतं आणि तेवढ्यासाठी गिऱ्हाईक चार पैसे चढे मोजायला तयार होतं. या लेखाचं म्हणणं नेमकं उलट आहे. बाहेरून बसवायच्या स्टिरिओत ज्या गोष्टीला सगळ्यांत कमी पैसे द्यावेत, ती गोष्ट म्हणजे आत भरून दिलेला नकाशा. पैसे स्क्रीनला द्यावेत, माइकला, ॲम्प्लिफायरला आणि वायरिंगला द्यावेत, अगदी जीपीएसच्या अँटेनालाही द्यावेत. नकाशा खिशातल्या फोनातून यावा.

यंत्र आणि नकाशा यांची गाठ मुळात इतकी घट्ट नव्हतीच. होंडाने १९८१ मध्ये जपानात ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ आणलं, तेव्हा त्याला उपग्रहांचा आधार नव्हता. हेलियम वायूवर चालणारा गायरो गाडी किती वळली ते सांगायचा, अंतर गाडीच्या चालण्यावरून मोजलं जायचं आणि पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा चालकाने छोट्या पडद्यावर हाताने लावायचा. तो भाग संपला की दुसरी फिल्म. कॅलिफोर्नियातल्या ‘एटॅक’ कंपनीने १९८५ मध्ये नकाशे कॅसेटवर दिले. पायोनियरने १९९० मध्ये जपानात उपग्रहांवर चालणारं आणि कुठल्याही गाडीत बसवता येईल असं यंत्र विक्रीला काढलं. तरी सामान्य गाडीवाल्याला या सगळ्याचा खरा उपयोग व्हायला मे २००० उजाडावा लागला. तोवर अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे गाडीची जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ थांबली आणि समांतर जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी गाडी कुठल्या रस्त्यावर आहे ते बहुतेक वेळा सांगता येऊ लागलं. तोवर नकाशा सीडीवर आणि डीव्हीडीवर आला होता, पुढे तो एसडी कार्डावर आला. फिल्म असो की कार्ड, नकाशा ही यंत्रात घालायची आणि जुनी झाली की बदलायची वस्तू होती. ती यंत्राचाच अवयव असल्यासारखी विकायला लागले ते विक्रेते. कार्डाची नवी आवृत्ती विकत घ्यावी लागते हे खरेदीच्या दिवशी कुणी सांगत नाही, आणि गाडी हातात आल्यावर ती घेणारे विरळाच.

हा नकाशा जुना होतो म्हणजे किती, ते समृद्धी महामार्गावरून कळतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मे २०२३ मध्ये शिर्डी ते भरवीर ८० किलोमीटर, मार्च २०२४ मध्ये भरवीर ते इगतपुरी २५, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हे उरलेले ७६ किलोमीटर. म्हणजे अडीच वर्षांत ७०१ किलोमीटरचा एकच रस्ता चार हप्त्यांनी नकाशावर आला. २०२२ च्या दिवाळीत ज्याने कार्डासकट स्टिरिओ बसवला, त्याच्या स्क्रीनवर आज हा सगळा प्रदेश शेतं आणि ओढे म्हणून दिसणार. त्याच काळात अटल सेतू झाला (जानेवारी २०२४, पावणेबावीस किलोमीटर), मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिथे नव्या पुलांचं जाळं खुलं झालं. मुंबई-गोवा महामार्गाचं तर विचारूच नका. तिथे वळणरस्ता या महिन्यात एका बाजूला असतो, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. आणि जुना नकाशा नुसता गप्प बसत नाही, हा त्यातला खरा त्रास. गाडी आपल्याला ठाऊक असलेल्या कुठल्या तरी रस्त्यावरच असणार, असं गृहीत धरून हे सॉफ्टवेअर चालतं. उपग्रहांनी सांगितलेली जागा रस्त्यावर पडत नसेल, तर ते बाण ओढून जवळच्या ओळखीच्या रस्त्यावर नेऊन बसवतं. नव्या उन्नत रस्त्यावरून ताशी शंभरने जाणाऱ्या गाडीला त्यामुळे खालच्या जुन्या रस्त्याचं वळण ऐकू येतं. गेल्या वर्षीच्या पंचांगावर मुहूर्त काढावा, तसा हा प्रकार.

जुनं होण्यात नकाशा एकटा नाही. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा दहा बिटांत बसवलेला आहे, त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तसा तो आला, आणि ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर कुणी सुधारलं नव्हतं त्यांच्या तारखा कोलमडल्या. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या नेव्हिगेशनवाल्या बऱ्याच जुन्या गाड्यांची घड्याळं २००२ सालात जाऊन बसली. फोनात अशी चूक निघाली की रात्रीतून दुरुस्ती येते. डॅशबोर्डात स्क्रूने आवळलेल्या खोक्याची आठवण त्याच्या कंपनीलाही पाच वर्षांनी राहत नाही.

आता पत्त्यांकडे वळू, कारण मला विचाराल तर इनबिल्ट नकाशाचं मोठं दुखणं रस्त्यांपेक्षा इथे आहे. या यंत्रांची शोधण्याची पद्धत परदेशातल्या शिस्तीवर बेतलेली: आधी राज्य निवडा, मग शहर, मग रस्त्याचं नाव, मग घर क्रमांक. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर पत्ता असतो तो ‘जुन्या जकात नाक्यामागे, मारुती मंदिरासमोर, पेट्रोल पंपाच्या बोळात’. रस्त्याला नाव असलंच तर ते नगरपालिकेच्या दगडावर. रिक्षावाल्यालाही ते ठाऊक नसतं. त्यात एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ, आणि कोल्हापूरकडे गेलात की पेठ वडगाव. रोमन लिपीत ते एका ‘ए’ने लिहायचं की दोन, हे ज्याने कार्ड भरलं त्याच्या मर्जीवर. जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी झाली, ती जुन्या कार्डाच्या गावीही नसतात. फोनातल्या नकाशात मंगल कार्यालय, दवाखाना, वडापावची गाडी हे सगळं लोकांनी स्वतः भरलेलं असतं. अर्धंमुर्धं, चुकीच्या स्पेलिंगने टाइप केलं तरी ते शोधून काढण्याइतका अनुभव त्याच्या गाठीला आहे. तेवढ्यावर भागलं नाही, तर यजमान व्हॉट्सॲपवर ठिकाण पाठवतो आणि त्यावर बोट ठेवलं की मार्ग सुरू. ते ठिकाण कार्डावर चालणाऱ्या यंत्रात घालायचं कसं, याचं धड उत्तर दुकानात मिळत नाही.

‘पण घाटात रेंज नसते, त्याचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे आणि दुकानदाराच्या हातातलं हुकमी पान तेच. ताम्हिणीत, वरंध्यात, कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर फोनच्या दांड्या जातात, हे कुणाला सांगायला नको. पण दांड्या जाणं वेगळं आणि जागा न कळणं वेगळं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि फोन त्यांचं नुसतं ऐकतो. त्यासाठी ना सिम लागतं, ना डेटा. नेटवर्क असलं तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला आयती मिळते आणि पहिली जागा लवकर ठरते. नसलं तर उपग्रहांच्या संदेशातूनच ती घ्यावी लागते. तो संदेश सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या चालीने येतो, म्हणून पहिल्या वेळी अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं, इतकंच. उरला प्रश्न नकाशाचा, आणि तो घरच्या वायफायवर सुटतो. गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग आधी उतरवून ठेवता येतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ‘ऑरगॅनिक मॅप्स’ आणि ‘ओएसएमअँड’ ही ॲप तर अख्खा प्रदेश फोनात ठेवून विनानेट चालण्यासाठीच बनली आहेत. उतरवलेल्या नकाशाला मर्यादा आहेत. पुढे कोंडी आहे की नाही ते कळत नाही, आणि गूगलचा उतरवलेला भाग ठरावीक मुदतीत ताजा करावा लागतो. पण कोंडी तर कार्डालाही कळत नाही. म्हणजे कार्डाची जी एकमेव बढाई, तीच गोष्ट फोन फुकट करतो, आणि त्याच्यातला नकाशा कालपरवाचा असतो.

एका बाबतीत मात्र इनबिल्ट यंत्राचं पारडं खरोखर जड आहे, आणि ते मान्य करायला हवं. इगतपुरीजवळचा समृद्धीचा जुळा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. त्यात उपग्रह दिसत नाहीत. फोन थोडा वेळ अंदाजाने बाण पुढे ढकलतो, मग गोंधळतो. चांगल्या, नामांकित कंपनीच्या नेव्हिगेशन युनिटला मागून एक वेगळी तार असते, बहुतेक वेळा गुलाबी. ती गाडीच्या वेगमापकाच्या संकेताला जोडतात. चाकं किती फिरली ते तारेवरून आणि गाडी कुठे वळली ते आतल्या गायरोवरून, अशी दोन्हींची बेरीज करून बोगद्यातही बाण पुढे सरकत राहतो. १९८१ च्या गायरोकेटरचंच तत्त्व. पण यात दोन गोमी आहेत. आठ किलोमीटरच्या त्या बोगद्यात वळायला जागाच नाही, त्यामुळे बाण अडकला तरी कुणी वाट चुकत नाही. फरक पडतो तो बोगद्यातून बाहेर येताच फाटा फुटतो अशा ठिकाणी, आणि अशी ठिकाणं आपल्याकडे मोजकी आहेत. दुसरी गोम जास्त बोचरी. ती गुलाबी तार आपल्याकडे बहुतेक वेळा जोडलीच जात नाही. वेगाचा संकेत गाडीत नेमका कुठून घ्यायचा ते शोधायला वेळ जातो, आणि फिटरला त्याच दुपारी आणखी दोन गाड्या उरकायच्या असतात. तारेला टेप गुंडाळून ती मागे खोचून देतात आणि गिऱ्हाईक न वापरलेल्या सोयीचे पैसे देऊन घरी जातं.

फोनचा नकाशा चुकतो, हा दुसरा आक्षेप, आणि त्यात जिवाचा प्रश्न आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर रात्री निघालेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पुलावर शिरली आणि चालक बुडाला. गावकऱ्यांना ठाऊक होतं की वर्षातले काही महिने तो पूल पाण्याखाली असतो; नकाशाला ठाऊक नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. या घटना फोनच्या बाजूने बोलणाऱ्याने लपवू नयेत. पण त्यावरून कार्डाचा नकाशा सुरक्षित ठरत नाही. पाण्याखाली जाणारा पूल त्यालाही कळला नसता, आणि कुणी कळवला असता तरी पुढच्या गाडीपर्यंत ती खबर पोचवायची वाटच त्याच्याकडे नाही. फोनच्या नकाशात चूक कळवता येते, रस्ता बंद दाखवता येतो. जुलै २०२४ मध्ये गूगलने भारतातल्या चाळीस शहरांत पुढचा उड्डाणपूल घ्यायचा की खालून जायचं हे सांगायला सुरुवात केली. लालबागच्या पुलापाशी ऐनवेळी लेन बदलणाऱ्यांना त्याची किंमत कळेल. ही सुधारणा अँड्रॉइड ऑटोवर, म्हणजे फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीवर, सुरुवातीलाच आली. म्हणजे ज्याच्या गाडीत पाच वर्षांपूर्वीची, पण फोन दाखवणारी स्क्रीन होती, त्यालाही ती मिळाली, एक रुपया न देता.

नामांकित कंपन्यांनी हे ओळखलेलं दिसतं. ॲपलने तशीच सोय असलेलं कारप्ले २०१४ च्या मार्चमध्ये जाहीर केलं, गूगलने अँड्रॉइड ऑटो त्याच जूनमध्ये. त्यानंतर अल्पाइनची ‘आयएलएक्स’, सोनीची ‘एक्सएव्ही-एएक्स’, पायोनियरची ‘डीएमएच’ या मालिका आल्या. यांच्यात स्वतःचा नकाशाच नाही. बाहेरून बसवायचं पहिलं उपग्रह-नेव्हिगेशन विकणाऱ्या पायोनियरनेही नकाशा नसलेली युनिटं काढावीत, यातून काय ते समजावं. यावर कुणी म्हणेल, मोटारी बनवणारे तर उलट चाललेत. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये विजेवरच्या नव्या गाड्यांतून कारप्ले काढायचं ठरवलं. खरं आहे. पण त्या गाड्यांत येतो तो गूगलचाच नकाशा, सतत नेटला जोडलेला. बॅटरी किती उरली ते गाडीकडून समजून घेऊन तो वाटेतली चार्जिंगची ठिकाणं ठरवतो. नऊ वर्षांच्या वॅगन-आरमध्ये बसवलेल्या खोक्याला यातलं काहीच लागू होत नाही.

मग बाजारात ‘इनबिल्ट नेव्हिगेशन’ म्हणून सर्रास खपतं ते काय? बहुतेक वेळा अँड्रॉइडवर चालणारी स्वस्तातली चिनी स्क्रीन. तिच्यात कार्ड नसतं, गूगल मॅप्सचं ॲप असतं. ते चालायला फोनचा हॉटस्पॉट लागतो किंवा वेगळं सिम. ‘फोनची गरजच नाही’ हे वाक्य इथे निकालात निघतं. खोक्यावर ‘४ जीबी, ६४ जीबी’ छापलेलं असतं आणि सेटिंगमध्येही तेच दिसतं, कारण काही विक्रेते सेटिंगमध्ये दिसणारा आकडाच बदलून देतात. अँड्रॉइडच्या आवृत्तीचंही तसंच. खरं काय ते ‘सीपीयू-झेड’सारख्या फुकट ॲपमधून बहुतेक वेळा दोन मिनिटांत कळतं. दुकानातल्या युनिटवर ते चालवून दाखवा म्हटलं की विक्रेत्याचा चेहराच अर्धं उत्तर देतो. या स्क्रीनना सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं दुर्मिळ, त्यामुळे जिथे बँकेचे संदेश आणि फोटो आहेत ते मुख्य गूगल खातं तिच्यात उघडणं अजिबात शहाणपणाचं नाही. एक मात्र कबूल: घरातली गाडी तिघेजण चालवतात, पगारी ड्रायव्हर रोज बदलतो, किंवा वडिलांकडे साधा फोन आहे, तिथे स्वतःचं सिम असलेली अशी स्क्रीन सोयीची पडते. तेवढ्यासाठी घ्यायची तर घ्यावी, पण वेगळं खातं काढून, आणि आतला प्रोसेसर कुठला ते आधी बघून.

नकाशाचे वाचलेले पैसे कुठे घालावेत, ते आता थोडं जवळून. ‘५० वॅट गुणिले ४’ हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो. इंजिन चालू असताना गाडीत विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट, आणि नेहमीचा स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग साधारण २०७. त्याला चारने भागलं की ५२. छापील ५० आला तो इथून. पण एवढी शक्ती निघते ती आवाज पार फाटून चौकोनी झाल्यावर. स्वच्छ आवाजाला त्याच्या निम्मी, म्हणजे फार तर २६ वॅट, आणि वाटेतली गळती वजा जाता वीस-बावीस. तीन हजारांची असो की तीस हजारांची, डॅशबोर्डाच्या दाबावर थेट चालणाऱ्या चिपला हे गणित चुकवता येत नाही. म्हणून वॅटचा आकडा वाचणं सोडावं आणि मागच्या प्री-आउटचा, म्हणजे वेगळ्या ॲम्प्लिफायरकडे आवाज नेणाऱ्या जोडणीचा, दाब किती ते विचारावं. दोन व्होल्टऐवजी चार असेल, तर पुढेमागे सीटखाली वेगळा ॲम्प्लिफायर बसवताना खरखर कमी येते. स्क्रीन घेताना इंच बघू नयेत, उजेड बघावा; मे महिन्यात अकोला-चंद्रपूरच्या उन्हात फिकी पडणारी दहा इंची स्क्रीन काही कामाची नाही. माइक बाहेरचा, तारेचा हवा आणि तो स्टीअरिंगजवळ किंवा पुढच्या खांबाला बसवलेला हवा. युनिटच्या तोंडावरच्या बारीक भोकातल्या माइकमधून एसीचा पंखाच पलीकडच्याला जास्त ऐकू जातो. आणि अँटेना. काड्यापेटीएवढी काळी डबी, खाली लोहचुंबक. आतली सिरॅमिकची चकती आकाशाकडे तोंड करून, पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर असायला हवी. फिटर ती पुष्कळदा युनिटमागच्या लोखंडी पट्टीलाच चिकटवून मोकळा होतो, कारण तार लपवायचा त्रास वाचतो. नकाशा फोनचा असला तरी ही डबी वाया जात नाही. सोय असलेल्या युनिटमध्ये कारप्ले तिने टिपलेली जागा वापरू शकतं, आणि मग फोन खिशात किंवा डिकीतल्या बॅगेत असला तरी बिघडत नाही.

इथे सगळ्यांत अवघड आक्षेप येतो, आणि तो काटकसरी माणसाचा आहे: नकाशा फोनचाच वापरायचा, तर दोनशे रुपयांचा होल्डर का नको? कायद्याने तो चालतो. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत हातातलं उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा आहे. महिन्यातून एखाददोनदा गावाबाहेर पडणाऱ्याने होल्डर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत टायर बदलावेत, असं माझं स्पष्ट मत. रोज गाडी काढणाऱ्याची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरून नजर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एक काम उरकायला एकूण बारा सेकंदांहून जास्त लागू नयेत, अशी मर्यादा घातली. ताशी ८० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर पुढे जाते. फोनच्या सहा इंची पडद्यावर, मध्येच येणाऱ्या मेसेजच्या पट्टीखाली वळण शोधायला दोन सेकंद पुरत नाहीत. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो मुद्दाम मोठी अक्षरं, मोजकी बटणं दाखवतात, चालत्या गाडीत व्हिडिओ दाखवत नाहीत आणि मेसेज वाचून ऐकवतात. शिवाय उन्हात काचेला टांगलेला फोन तापून स्वतःहून मंद पडतो किंवा बंदच होतो. खिशातल्या फोनवर निदान थेट ऊन तरी येत नाही.

शेवटचा खर्च जोडणीचा, आणि त्यात हात आखडू नये. गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो. तो लावला की मूळ वायरिंगला कात्री लागत नाही आणि पुढे वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरशी वाद होत नाही. तार कापून, वळवून, वर टेप गुंडाळणाऱ्याला तिथेच थांबवावं. पिवळी तार बॅटरीची, कायम चालू. लाल तार किल्ली फिरवल्यावर चालू होणारी. सोयीसाठी दोन्ही एकत्र पिळून दिल्या, तर युनिट कधी पूर्ण झोपत नाही आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. फिकट हिरवी तार हँडब्रेकची: ब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून. ‘गाडी चालू असतानाही पिक्चर दिसेल’ म्हणत ती थेट अर्थिंगला जोडून देण्याचा रिवाज पडला आहे. तसं करू नका, हे काम सुरू होण्याआधीच सांगावं लागतं. स्टीअरिंगवर बटणं असतील तर ती जोडून, प्रत्येक बटण दाबून घ्यावं. बिल जीएसटीचं, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर. पैसे देण्यापूर्वी गाडी दुकानाच्या शेडमधून उन्हात काढायला लावावी, रिव्हर्स टाकून कॅमेरा बघावा, फोनचा डेटा बंद करून उतरवलेल्या नकाशावर एखाद्या गावाचा मार्ग लावावा, आणि एसी तीनवर ठेवून घरी एक कॉल करावा: आवाज नीट येतोय का, ते पलीकडच्यालाच विचारावं.